'उल्हास' यानाचं दार

अंतराळयानाचं दार उघडताना कसा आवाज येतो, हे शास्त्रज्ञांना ठाऊक असेल-नसेल, मला ठाऊक आहे. तो उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधल्या एका दुकानाच्या शटरसारखा येतो. शटर अर्धं वर करायचं, मधेच एक सेकंद अडकू द्यायचं आणि मग खालून पायाने एक लाथ घालायची. ती लाथ माझी. तीस वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या प्रत्येक सलूनमध्ये ती वाजायची आणि गिऱ्हाइकं गालावरचा साबण वाळेपर्यंत ऐकत बसायची.

मी रेकॉर्डिस्ट. लोकांचे आवाज टेपवर घेणं, साफ करणं, जपून ठेवणं, हे माझं आयुष्यभराचं काम. मी बी.एस्सी. आहे, फिजिक्स घेऊन. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. बाबा अंबरनाथला केमिकल कंपनीत होते. माझं डिग्रीचं सर्टिफिकेट त्यांनी फ्रेम करून घेतलं आणि दारासमोरच्या भिंतीवर अशा उंचीला लावलं की दारात आलेल्या पोस्टमनलाही ते वाचता यावं. हे मी मुद्दाम सांगतेय. पुढे जे घडलं त्यात त्या फ्रेमचाही वाटा आहे.

नोकरी मिळाली ती टेकूमल सेठकडे. पुढे कॅसेटचं दुकान, मागे स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेली खोली. मुलाखत एवढीच झाली:

"पढाई?"

"बी.एस्सी. फिजिक्स."

"उसमें क्या सिखाते हैं?"

"ध्वनी."

"मतलब?"

"आवाज, सेठ."

"फिर तो बैठ जा, अदी. अपने पास आवाज ही आवाज है."

अदी म्हणजे सिंधीत बहीण. पहिले आठ महिने या अदीने कॅसेटवर लेबलं चिकटवली. मग मशीनची हेडं स्पिरिटने पुसली. मग एक दिवस सेठचा रेकॉर्डिस्ट दुबईला गेला आणि मी खुर्चीवर बसले ती उठलेच नाही.

धंदा समजायला सोपा होता. गाणं आधी मोठ्या स्पूलवर घ्यायचं. स्पूल म्हणजे ताटाएवढं टेपचं चाक, तीच मूळ प्रत. तिच्यावरून मग आठ-आठ कॅसेट एकदम उतरवायच्या. सिंधी भजनं, आगरी हळदीची गाणी, जयंतीची गाणी, आरत्या, सगळं त्याच खोलीत. स्पूल महाग आणि वेळेवर न मिळणारी वस्तू, म्हणून कॅसेट निघून गेल्या की जुनं स्पूल पुसून त्यावर नवं घ्यायचं. जे स्पूल जपायचं, त्याच्या डब्याला लाल दोरा. बिनदोऱ्याच्या डब्याला हात लावायचा तर आधी एक मिनिट ऐकायचं, आत काय आहे याची खात्री करायची, मगच पुसायचं. सेठ आकडे इंग्रजीत लिहायचा, देवाचं नाव सिंधीत घ्यायचा, पण हा नियम त्याने भिंतीवर मराठीत लिहून घेतला होता, माझ्याकडून.

वर जीन्स शिवायचा कारखाना. दिवसभर छतातून मशिनींचा घरघराट. आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे शांतता हवी तर रेकॉर्डिंग शुक्रवारी. आणि वीजवाले दुरुस्तीला लाइट घालवायचे तेही शुक्रवारीच. मशीन बंद म्हणून शांतता, आणि लाइट बंद म्हणून आम्हीही बंद. या दोन्हींच्या मधल्या फटीत मी करिअर केलं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एक भंगारवाला आला. ओरडून ओरडून घसा बसला, आवाज कॅसेटवर घालून द्या म्हणाला, हातगाडीवर भोंगा लावतो. मी त्याची हाळी घेतली. मधेमधे तो खोकायचा, तर फिजिक्सवालीने मेहनत करून एकूण एक खोकला कापून काढला. चकाचक कॅसेट. पंधरा दिवसांनी स्वारी परत.

"ताई, ह्याच्यात खोकला घाला."

"का?"

"कोण बाहेरच येत नाय. बायका बोलतात, आम्हाला वाटलं दुसराच कोण आला."

मी त्याला माइकसमोर बसवला आणि चांगला दहा वेळा खोकायला लावला. त्या वेळी बाकावर एक बारीक, चष्म्याचे गृहस्थ बसले होते. कागदांची जाड चळत मांडीवर. ते एवढे हसले की कागद खाली पडले. हे कदम सर. अंबरनाथच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे.

"माणूस ओळखला जातो तो खोकल्यावरून," ते म्हणाले. "हे मी वापरणार."

कागद म्हणजे श्रुतिका होती. नुसती कानांनी ऐकायची. आमच्या नदीच्या नावाचं 'उल्हास' हे यान शनीकडे निघतं, वाटेत सोबत्यांची ताटातूट होते, प्रत्येक जण वेगळ्या चंद्रावर अडकतो. यानात मागे राहते फक्त छाया, म्हणजे यानाचा कॉम्प्युटर. सात कॅसेट, सातवीत सगळे परत भेटणार. सेठने दोन पानं ऐकली आणि विचारलं, "इसमें गाना कहाँ है?" गाणं नाही म्हटल्यावर त्याने वहीत आकडे मांडले. मग म्हणाला, "चलो, करते हैं. शनी को सब लोग डरता है, बिकेगा."

कप्तान सरांनीच शोधून आणला. जनार्दन भोईर, बदलापूर गावातले. म्हशींचं दूध लुनावर घालून उल्हासनगरच्या मिठाईवाल्यांना पोचवायचे आणि रविवारी कबड्डीच्या मैदानात माइकवरून समालोचन करायचे. आवाज असा की चढाई करणारा गडी मधल्या रेषेवरच बिचकायचा. छाया मात्र आपल्या पायांनी आली. मेनका, सिंधी, घरचा पापडाचा धंदा, भजन रेकॉर्ड करायला आलेली. मराठी चुकेल या भीतीने ती एकेक शब्द सुटा, सावकाश, एकाच पट्टीत बोलायची. "मला. पाणी. मिळेल. का?" सर खुर्चीवरून उठलेच. "नलिनी, हाच कॉम्प्युटर!"

मग आम्ही सुटलो. आजही ते दिवस आठवले की माझे हात शिवशिवतात. शनीचा वारा म्हणजे घासलेटचा स्टोव्ह. उल्कांचा पाऊस म्हणजे स्टीलच्या ताटात ओतलेला राजमा. चंद्रावरच्या गुहेतला आवाज हवा तर भोईरांनी पाण्याच्या रिकाम्या ड्रममध्ये डोकं घालायचं. यानाचं इंजिन तर फुकट मिळालं. आठवडाभर ज्या शिलाई मशिनींना शिव्या घातल्या, त्यांच्याच छताला स्टुलावर उभी राहून मी स्टीलचा डबा आणि त्यात माइक लावून धरला.

एकदा मी सरांना म्हटलं, "सर, खरं सांगू? अंतराळात हवा नसते. तिथे कसलाच आवाज होणार नाही."

"बरोबर आहे नलिनी. मग कॅसेट कोरी विकू का?"

सहा कॅसेट निघाल्या आणि भागात वेड लागलं. भोईर दूध घेऊन गेले की मिठाईवाले विचारायचे, "कप्तान, शनीवरून यायला एवढा टाइम?" कुळगावच्या रिक्षा स्टँडवर लोक मेनकासारखं बोलून दाखवायचे. "भाडं. दहा. रुपये. होईल." सातवीसाठी लोक दुकानात येऊन सेठला छळायचे.

एक गोष्ट मात्र सहाही भागांत डाचत राहिली. सर भोईरांची भाषा दुरुस्त करायचे. "भोईर, बान नाही, बाण. डोला नाही, डोळा." भोईर पुन्हा म्हणायचे. मान खाली घालून, पण म्हणायचे.

सातव्या भागाचा शेवटचा प्रसंग असा. चाळीस वर्षं भटकून कप्तान यानाच्या दाराशी येतो. दार उघडणार ते फक्त त्याच्या आवाजावर. पण तो म्हातारा झालाय, घसा बदललाय. तो म्हणतो, "मी कप्तान अजिंक्य. द्वार उघड." छाया म्हणते, "आवाज ओळखला नाही." असं तीनदा. मग कप्तान अकरा आकड्यांचा गुप्त क्रमांक सांगतो आणि दार उघडतं. शुक्रवार होता. लाइट कधीही जाणार होती. माइक शटरजवळ आणून ठेवलेला, मशीन सुरू. त्या दिवशी सकाळपासून सरांनी भोईरांना सात वेळा थांबवलं होतं. तिसऱ्या "आवाज ओळखला नाही" नंतर भोईरांनी कागद स्टुलावर ठेवला आणि आपल्या घरच्या दारात उभं राहून बोलावं तसं, दमून बोलले, "आयलू गं बाय. दार उघर."

हे कागदावर नव्हतं. मेनकाच्या कागदावरही पुढे काही नव्हतं. पण ती बोलली, "ओळखीचा. आवाज. दार. उघडत आहे."

आणि माझा पाय आपोआप शटरवर गेला.

भोईरांनी सरांकडे पाहिलं. सर डोळे मिटून बसलेले. भोईरांना वाटलं, मास्तरांचा भाग आपण नासवला. त्यांनी चपला घातल्या, लुनाला किक मारली आणि गेले. ते गेल्यावर कितीतरी वेळाने सर हळू आवाजात म्हणाले, "हेच ठेवा."

हे तीन जणांनी ऐकलं. मी, मेनका आणि चालू असलेल्या मशीनने. भोईरांनी नाही. मेनकाचं त्याच आठवड्यात लग्न ठरलं आणि ती अजमेरला गेली.

स्पूलच्या डब्याला लाल दोरा मी बांधला नाही. संगीत घालायचं बाकी होतं. म्हटलं, काम पुरं झालं की बांधू.

पुढच्या आठवड्यात जयंतीची घाई सुरू झाली. आमच्या अंबरनाथच्या वस्तीतल्या बायकांचं मंडळ गाणी रेकॉर्ड करायला आलं. पुढे गाणारी माझी आई. ती पहिल्यांदाच माझं काम बघत होती. निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसून गाद्यांच्या त्या खोलीत ती सगळ्यांना सांगत होती, "ही सगळी मशिनं माझी नलू चालवते. एकटी." सेठने बाहेरून आवाज दिला, "अदी, नया स्पूल खतम है, पुराना निकाल." मी फळीवरून न बघता एक डबा ओढला. मंडळातली एक बाई म्हणाली, "अगं, बघून तरी घे." मी म्हटलं, "मावशी, कुठल्या डब्यात काय आहे, मला सगळं पाठ आहे."

आई हसली. त्या हसण्यासाठी मी ते एक मिनिट ऐकलं नाही.

चार दिवसांनी सर संगीतासाठी आले. मी डबा उघडला, स्पूल लावलं, आणि स्पीकरमधून माझी आई गायला लागली. सर बाहेर चहा पीत होते. मी मशीन बंद केलं. बाहेर येऊन मी चार शब्द बोलले.

"सर, स्पूल सापडत नाही."

बाबांची कंपनी नुकतीच बंद पडली होती. घर माझ्या नोकरीवर होतं. सेठने काढून टाकलं असतं, हे खरं. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. ती भिंतीवरची फ्रेम होती. बी.एस्सी. झालेली मुलगी असली चूक करत नाही, असं मी स्वतःलाच इतकं सांगून ठेवलं होतं की चूक सांगायला माझ्याकडे तोंडच उरलं नव्हतं.

सर म्हणाले, "भोईरने नेलं. रागात गेला तो." भोईर दूध घालायला आले तेव्हा म्हणाले, "मास्तरांना माझ्या बोलीची लाज वाटली. पुसून टाकली ना त्यांनी?" दोन्ही वेळेला मी मान खाली घातली. दोघांनी त्याचा आपापला अर्थ लावला. सातवी कॅसेट निघाली नाही. ते दोघं त्यानंतर एकमेकांशी कधी बोलले नाहीत.

पुढचं काही फार सांगण्यासारखं नाही. कॅसेट संपल्या, सीडी आल्या, त्याही संपल्या. सेठ गेला. जाण्याआधी ते जुनं स्पूलचं मशीन त्याने मला दिलं, "ले जा अदी, तेरे बिना ये किसी का सुनता नहीं." मी बदलापूरला घर घेतलं. सकाळी घंटागाडीवर "ओला कचरा, सुका कचरा" सांगणारा आवाज काही वर्षं मी रेकॉर्ड करत असे. निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभ्या उमेदवारांच्या घोषणा एकाच दिवशी, एकाच माइकवर घेतल्या. काम कधी कमी पडलं नाही. पण ते स्पूल मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवलं होतं आणि त्याचं काय करायचं, हे मला कळत नव्हतं.

या वर्षी मार्चमध्ये मेनकाचा फोन आला. ती नवरा वारल्यावर परत उल्हासनगरला आलीय.

"नलिनी! बसलीयेस ना? बस. अरे, मोबाइलवर नाटकं ऐकवणारी एक कंपनी आहे. त्यांची मॅडम लहानपणी सलूनमध्ये वडिलांच्या मांडीवर बसून आपलं 'उल्हास' ऐकायची. त्यांना सहाच्या सहा भाग पाहिजेत. आणि सातवा नवीन करायचाय! पुराने लोग, पुराना आवाज, नहीं तो नहीं, असं बोलली."

मी खरंच खाली बसले. माझ्या कानात स्टोव्ह, राजमा, ड्रम सगळं एकदम वाजायला लागलं.

"मी परत कॉम्प्युटर होणार, नलिनी! आता तर घराघरात बोलणारा कॉम्प्युटर आलाय. लाइट लाव म्हटलं की लावतो. पण पहिली मी होते की नाही? सांग!"

"तूच गं तूच."

अंबरनाथला सरांकडे गेले. सर आता काठी घेऊन चालतात. बातमी ऐकून ते उठून कपाटापर्यंत गेले, जुनी चळत काढली, पानं हुंगली. मग विचारलं, "कप्तान कोण?"

"भोईरच, सर."

त्यांनी चळत परत ठेवली. "चोराबरोबर मी काम करत नाही."

बदलापूर गावात भोईरांकडे गेले. म्हशी कधीच गेल्या, गोठ्याच्या जागी चार मजली इमारत उभी आहे. भोईर आनंदाने एवढ्या मोठ्याने "काय बोलतंस?" म्हणाले की शेजारचं कुत्रं भुंकलं. मग आवाज खाली आला. "मास्तर हाय का त्याच्यात?"

"लिहिणार तेच."

"मंग नाय. माझं बोलणं ज्यानं पुसलं त्याचं मी नाय बोलणार."

कंपनीच्या मॅडमनी महिन्याची मुदत दिली होती. नाहीतर सहा भागांवरच थांबणार. सातवा भाग, म्हणजे सगळे परत भेटतात तो भाग, होणार की नाही हे आता माझ्यावर होतं. खरं तर तीस वर्षं माझ्यावरच होतं. मी दोघांना फोन केला आणि एकच वाक्य बोलले, "तुमच्या भांडणाचं कारण माझ्या घरात आहे, शुक्रवारी दुपारी ऐकायला या."

आले. मेनका खाऱ्या बिस्किटांचा डबा घेऊन आली. सर खिडकीकडे तोंड करून बसले. भोईर हातात दुधाची पिशवी घेऊन आले. "सवय जात नाय," ते म्हणाले, "पण आता माझ्या घरी पन पिशवीचंच येतं." सर आणि भोईर यांच्यामध्ये सोफ्यावर मेनका बसली, चंद्रासारखी, दोघांना वेगळं ठेवत.

मी मशीन टेबलावर ठेवलं होतं. सगळं सांगितलं. डबा, मंडळ, आई, न ऐकलेलं मिनिट, चार शब्द. सांगताना मी कुणाकडे पाहिलं नाही. मग म्हणाले, "स्पूल अर्ध्या तासाचं. गाणी संपली सव्वीस मिनिटांत. उरलेली चार मिनिटं मी पुसलेली नाहीत." आणि मशीन सुरू केलं.

आधी शेवटच्या गाण्याचं शेवटचं कडवं आलं. पुढे एकच आवाज, मागे दहा-बारा बायका आणि ढोलकी.

"कोण गातंय?" भोईरांनी विचारलं.

"माझी आई. तिचा एवढाच आवाज आहे माझ्याकडे."

मग खट्. मग नुसती खरखर. आणि त्या खरखरीतून मेनका, तरुण. "आवाज. ओळखला. नाही." थोडी शांतता. आणि जनार्दन भोईर, पस्तीस-चाळीस वर्षांचे, दमलेले. "आयलू गं बाय. दार उघर." मेनकाचं उत्तर. माझी लाथ. चपलांचा आवाज. लुनाची किक, ती लांब जात जात संपली. नंतर बराच वेळ काही नाही. भोईरांना वाटलं संपलं, त्यांनी मान उचलली. मी हाताने थांबा म्हटलं.

आणि मशीनमधून सर बोलले, "हेच ठेवा."

खरखर तशीच चालू होती. भोईर मशीनकडे पाहत होते. मग मेनकाच्या डोक्यावरून त्यांनी सरांकडे पाहिलं.

"मास्तर, तुमी असं बोललेलात?"

सरांनी उत्तर भोईरांना दिलं नाही. ते माझ्याकडे वळले. "तीस वर्षं मी या माणसाला चोर म्हटलं, नलिनी. शाळेत म्हटलं. माझ्या घरात म्हटलं. तू माहीत असून म्हणू दिलंस."

ते वाक्य मी इथे लिहिते आहे ते मिटवून टाकण्यासाठी नाही, ते माझ्याजवळ राहणारच आहे.

भोईरच मधे पडले. "मास्तर, सोडा. आता आईच्या आवाजावर आपला आवाज चढवायचा होता का तिनं? जे राहिलं ते बरं राहिलं." मग माझ्याकडे वळून, "पन नलूताय, एक फोन करायला काय जात होतं गं तुझं?"

"इज्जत," मी म्हटलं.

"कंची?"

मेनका फस्सकन हसली आणि तिच्या तोंडातलं बिस्किट टेबलावर उडालं. सर हसले नाहीत. पण काठी टेकून उठले, दाराशी गेले आणि तिथून म्हणाले, "भोईर, रिक्षा अंबरनाथपर्यंत येईल का विचारा. आणि तुम्हीही बसा. पुढचं वाटेत बोलू." ते दोघं गेले. वाटेत काय बोलले, ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. तेवढा हक्क मला नव्हता.

रेकॉर्डिंग मुंबईतल्या एसी स्टुडिओत करू, असं कंपनीचं म्हणणं होतं. मी म्हटलं, यानाचं दार उल्हासनगरला आहे. सेठच्या दुकानात आता जीन्स विकतात. नव्या मालकाने लहानपणी सहाही भाग ऐकले होते, त्याने शुक्रवारी दुकान उघडून दिलं. वरचा कारखाना बंद. लाइट होती. कंपनीच्या मॅडम आपलं तळहाताएवढं यंत्र घेऊन बसल्या. मी म्हटलं, "ह्याला बॅटरी आहे?" त्या म्हणाल्या, "आहे." तीस वर्षं मी ज्या फटीत राहिले, ती त्या एका शब्दात बुजली.

पण शटर अडकेना. मालकाने परवाच तेल घातलेलं. चार-पाचदा वर-खाली केलं, लोण्यासारखं जातंय. मी रडकुंडीला आले. भोईर म्हणाले, "थांब." आणि त्यांनी एका हाताने शटरची कड धरून ठेवली. "मी धरतो, तू लाथ मार, मी सोडतो." सराव केला. तोच आवाज! मेनकाने टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "कप्तान स्वतःच आपलं दार अडवतोय. हे मला तीस वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं."

सरांनी पानं वाटली. सगळं नव्याने लिहिलेलं, टाइप केलेलं. शेवटच्या पानावर अकरा आकडे नव्हते. तिथे एवढंच होतं: 'येथे कप्तान स्वतःचं बोलतील.'

भोईरांनी ते पान खूप वेळ वाचलं. एवढं काही नव्हतं वाचण्यासारखं.

सुरू केलं. "मी कप्तान अजिंक्य. द्वार उघड." भोईरांचा तो कबड्डीच्या मैदानातला आवाज आता राहिलेला नाही. मधेच फाटतो, मधेच हवा निघते. छाया म्हणाली, "आवाज. ओळखला. नाही." आणि पहिल्यांदाच ते खरं वाटलं. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. मग भोईर खोकले. नाटकातलं नव्हतं, आपलं असंच. मॅडमचा हात यंत्राकडे गेला, मी तो धरला.

"आयलू गं बाय," भोईर म्हणाले. "लय उशीर झाला. दार उघर."

मेनका थांबली. कागदावर होतं त्याहून खूप जास्त थांबली.

"ओळखीचा. आवाज," ती म्हणाली. "दार. उघडत आहे."

भोईरांनी शटर धरलं, मी लाथ मारली, त्यांनी सोडलं. ते वर गेलं आणि कॅम्प नंबर तीनचं ऊन आत आलं.

सर डोळे मिटून बसलेले.

"हेच ठेवा," ते म्हणाले.

भोईर या वेळी तिथेच उभे होते. त्यांनी कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोला मास्तर. आयकू नाय आलं."

सर पुन्हा म्हणाले. एवढ्या मोठ्याने की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला.

मॅडमनी ते रेकॉर्डिंग बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर उतरवून माझ्या हातात दिलं. मी आधी ते लावून एक मिनिट ऐकलं. मग पर्समधून लाल दोरा काढला आणि बांधला.